दुखण्याला तीन मार्क

मित्रांनो, चार पाय असूनही ज्याला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, असा मी एक जुना वॉकर आहे. हाडांच्या वॉर्डाला लागून व्यायामाची खोली आहे. तिथल्या मोठ्या आरशाच्या मागे मला उभं करून ठेवलं आहे. माझा एक पाय जरासा वाकला आहे आणि दोन्ही मुठींचा रबर झिजून गुळगुळीत झाला आहे. सध्या माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. टॉवेलांबद्दल माझी तक्रार नाही. पण मला सवय आहे ती हातांची, आणि आता कितीतरी दिवसांत मला कुणी घट्ट धरलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमच्या नळ्या कापायच्या, वाकवायच्या, जोडायच्या, की झाला वॉकर. माझ्या प्रत्येक पायाला सात भोकं आहेत आणि एक बटण. समोरच्या माणसाची उंची बघून बटण दाबायचं आणि पाय लांब किंवा आखूड करायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण तीन पाय चौथ्या भोकात आणि एक पाय पाचव्या भोकात अडकवणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग मी डुगडुगायचो आणि लोक म्हणायचे, वॉकरच खराब आहे. चूक माणसाची आणि नाव माझं. असं आयुष्यभर चाललं.

मी वॉर्डात आलो तेव्हा नवा कोरा होतो. माझ्या नळ्यांमध्ये खिडकी दिसायची. माझं काम खुब्याच्या पेशंटकडे होतं. खुबा म्हणजे मांडी जिथे कमरेला जोडलेली असते तो सांधा. तो झिजला की उठणं, बसणं, कूस बदलणं, सगळं अवघड होऊन बसतं. मग डॉक्टर तो काढतात आणि तिथे नवा सांधा बसवतात. नवा सांधा बसला की माणसाने लवकर उठून चालायचं असतं आणि त्यासाठी मी खाटेशेजारी हजर असायचो.

पण सुरुवातीच्या त्या काळात मी नुसता हजरच असायचो. ऑपरेशननंतर दुखायचं फार. ते थांबवायला जालीम औषधं द्यायचे. त्यांनी पेशंट गुंगीत राहायचा, उठून बसवला तर गरगरायचं, उलट्या व्हायच्या. तीन दिवस, कधी चार दिवस मी खाटेशी ताटकळत उभा. कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तेव्हा मला वाटायचं, आपण जन्माला येऊन केलं काय?

मग वॉर्डात भूल देणाऱ्या एक नव्या डॉक्टर आल्या. बुटक्या, चष्मा कायम केसांत खोवलेला आणि तोच चष्मा सगळीकडे शोधत फिरायची सवय. सगळे त्यांना भूलवाल्या डॉक्टर म्हणायचे. त्यांनी पद्धत बदलली. सगळं शरीर गुंगवण्यापेक्षा जिथे दुखतं तेवढीच जागा बधिर करायची. ऑपरेशन चालू असतानाच सांध्याभोवती औषध टोचायचं आणि शिवाय एक बारीक नळी तिथे ठेवून द्यायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला संत्र्याएवढा एक रबरी फुगा. त्यात बधिर करणारं औषध भरलेलं. दोन दिवस तो फुगा हळूहळू आकसत जातो आणि थेंबाथेंबाने औषध सांध्यापाशी पोचतं. पेशंट जागा, शुद्धीवर, आणि बऱ्याचदा त्याच संध्याकाळी माझ्या आधाराने उभा.

माझे दिवस फिरले, मित्रांनो. मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी तिसरा. किती हात माझ्या मुठींवर आले त्याची गणती नाही. पोस्टमनचे आले, न्हाव्याचे आले, एका गवयाचे आले जो दर पावलाला सूर लावायचा. आणि प्रत्येकाचं एकच. बरा झाला की मला सोडून जायचा, मागे वळूनही न बघता. तेच बरोबर आहे, हे मला कळतं. पण कळलं म्हणून हुरहुर थांबते असं थोडंच आहे?

त्या सगळ्यांमध्ये एक हात मी विसरलो नाही. तो बाईंचा.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. छत्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने काटक, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाल्या, तेव्हा सिस्टरने सवयीने विचारलं, "आजी, काही ॲलर्जी वगैरे?"

"मी कुणाची आजी नाही," बाई म्हणाल्या. "लग्नच केलं नाही. बाई म्हणा, ते चालेल."

त्या दिवसापासून सगळा वॉर्ड त्यांना बाई म्हणू लागला.

त्यांच्यासोबत त्यांची भाची आली होती, थोरल्या बहिणीची मुलगी. तिच्या तोंडूनच मला सगळं कळलं. बाई आणि ही थोरली बहीण, त्यांची ताई, एकाच घरात राहतात. बाई खाली, ताई वर. मध्ये सतरा पायऱ्या. रोज संध्याकाळी बाई वर जायच्या आणि दोघी खिडकीशी बसून जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. मग ताईंची छाती इतकी अधू झाली की त्यांना खाट आणि श्वासाचं यंत्र सोडता येईना. त्याच सुमारास बाईंचा खुबा गेला. अकरा महिने झाले, दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. एकदा बाईंना खुर्चीत बसवून वर न्यायचा प्रयत्न झाला, पण जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली आणि बाई दुखण्याने कळवळल्या. एका घरात राहून त्या फोनवर बोलायच्या.

आणि आता ताईंच्या डॉक्टरांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. महिना धरा, जास्त धरू नका.

बाईंना हे माहीत होतं. म्हणूनच, जे ऑपरेशन त्या वर्षभर टाळत होत्या, त्याला एका दिवसात तयार झाल्या. व्यायाम करून घेणारी फिजिओ त्यांना भेटायला आली तेव्हा बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला.

"सतरा पायऱ्या कधी चढेन?"

"रोज थोडं थोडं चाललात तर चौथ्या दिवशी मी तुम्हाला जिना शिकवीन," फिजिओ म्हणाली. "पण पहिले दोन दिवस फुकट जाता कामा नयेत. ते गेले की सगळंच लांबतं."

मग भूलवाल्या डॉक्टर आल्या आणि औषधाचं समजावू लागल्या. "सांध्याभोवतीच्या ज्या नसा दुखल्याची बातमी मेंदूला देतात, त्यांना थोडा वेळ गप्प बसवायचं. बाकी तुम्ही जाग्या."

"वर्गातल्या बडबड्या मुलांना बसवतात तसं," बाई म्हणाल्या.

"अगदी तसं. आणि आम्ही दर थोड्या वेळाने विचारू, दुखणं दहापैकी किती. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. तुम्ही आकडा सांगायचा."

"मार्क द्यायचे," बाई म्हणाल्या. "ते मला जमेल."

मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

ऑपरेशन सकाळी झालं आणि छान झालं. संध्याकाळी फिजिओने माझी उंची बाईंना जुळवली, चारही पाय चौथ्या भोकात. बाई उभ्या राहिल्या. त्यांचे हात माझ्या मुठींवर अगदी हलके होते, खडू धरावा तसे. चार पावलं चालल्या.

"किती दुखतंय, बाई?"

"शून्य. अर्धाही नाही."

मला आकाश ठेंगणं झालं. बाईंनी खाटेवर बसून लगेच ताईंना फोन लावला. "चालले," म्हणाल्या. "चार पावलं. चार दिवसांनी तुझ्या डोक्यावर येऊन बसते बघ."

दुसरी सकाळ उजाडली आणि बाईंचे हात बदलले.

ऑपरेशनच्या वेळी टोचलेल्या औषधाचा असर आता उतरणार होता. ते ठरलेलंच असतं. तिथून पुढे फुग्यातल्या औषधाने काम हाती घ्यायचं असतं. फुगा कापडी पिशवीत, पिशवी पांघरुणाखाली. सिस्टर फेरीवर आली, विचारलं, "बाई, दहापैकी किती?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "तीन."

सिस्टरने कागदावर तीन लिहिले. तीन म्हणजे छान. तीन असले की पांघरूण उचलून पिशवी उघडून कोण बघत बसतो? ती पुढच्या खाटेकडे गेली.

थोड्या वेळाने फिजिओ आली. बाईंनी मला धरलं आणि मी हादरलो. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य हातांच्या संगतीत गेलं आहे. घाबरलेला हात मला कळतो, तो सारखा जागा बदलतो. आळशी हात कळतो, तो लोंबकळतो. दुखणारा हात जागा बदलत नाही, तो रुतून बसतो. बाईंची नखं माझ्या रबरात रुतली. त्यांचे तळवे घामाने भिजले होते. एक पाऊल टाकलं, पाय थरथरला आणि त्या खाली बसल्या.

"खूप दुखतंय का?"

"तीन," बाई म्हणाल्या.

"मग घाबरताय. काल तर मस्त चाललात. तासाभराने पुन्हा बघू."

तासाभराने पुन्हा तेच झालं. या वेळी पाऊलही पडलं नाही. बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा. फिजिओ काही वाईट मुलगी नव्हती, पण तिच्यासमोर कागद होता आणि कागदावर तीन होते. तिने खाली लिहिलं, दुखणं कमी, भीती जास्त.

दुपारी मोठे डॉक्टर फेरीला आले. त्यांनी कागद वाचला. "हरकत नाही, काहींना धीर यायला वेळ लागतो," ते प्रेमाने म्हणाले. "जिन्याचं पुढच्या आठवड्यात किंवा त्याच्या पुढच्या आठवड्यात बघू. घाई काय आहे?"

घाई काय आहे ते बाईंनी सांगितलं नाही. त्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी ऐकत आल्या होत्या, स्वतः सबब सांगायची त्यांना लाज वाटत होती. डॉक्टर गेल्यावर त्यांनी हात लांब करून माझी मूठ धरली आणि तशाच पडून राहिल्या. चालण्यासाठी नाही, नुसती धरली. त्या धरण्यात इतकं दुखणं होतं की मला रडू आलं असतं, पण नळ्यांना रडता येत नाही. माझ्या तोंडाला कुणी एक शब्द दिला असता तर मी ओरडून सांगितलं असतं, अहो, हे तीन नाहीत. मी इतक्या वर्षांत असा हात पाहिलेला नाही.

फोन वाजला. ताईंचा होता. फोनमधून श्वासाच्या यंत्राची घरघर आधी आली, मग आवाज. "केव्हा येतेस गं?"

"येते," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज अगदी सरळ ठेवला. "थोडा अभ्यास राहिलाय."

"लवकर कर," ताई म्हणाल्या.

चार वाजता भाची आली. फिजिओ तेव्हा मला पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. माझ्या उजव्या मुठीच्या रबरावर चार खुणा उमटल्या होत्या, नखांच्या, खोल. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली.

भाचीने मावशीकडे पाहिलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि कपाळावर घामाचे थेंब होते. ती दबक्या आवाजात सिस्टरला म्हणाली, "मावशीला फार दुखतंय का?"

"नाही हो. तीनच सांगतात. सकाळपासून तीन."

"कुणी दिले तीन?"

"त्यांनीच की."

भाची उभ्याउभ्या हसली आणि मग तिचं हसू एकदम गेलं. "अहो, तुम्हाला माहीत नाही. मी सहावीत मावशीच्या वर्गात होते. माझ्या निबंधाला तिने दहापैकी साडेतीन दिले होते."

"मग?"

"मी वर्गात पहिली आले होते. मावशीने आख्ख्या नोकरीत कुणाला पाचच्या वर मार्क दिलेले नाहीत. शाळेत तिला अर्धा मार्क बाई म्हणायचे."

सिस्टरच्या हातातला कागद खाली आला. फिजिओ माझ्या मुठीवरच्या खुणांकडे बघत होती. "मी भूलवाल्या डॉक्टरांना बोलावते," ती म्हणाली आणि जवळजवळ धावतच गेली.

भूलवाल्या डॉक्टर आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. आकडा विचारला नाही.

"बाई, मार्क राहू द्या. मला वाक्यात सांगा, कसं दुखतंय?"

बाईंनी डोळे उघडले. वाक्यात सांगायचं म्हटल्यावर त्यांना जरा हुशारी आली असावी. "हाडावर कुणीतरी करवत चालवतंय," त्या म्हणाल्या. "मध्येच उठून चहाला जातंय. मला वाटतं संपलं. तेवढ्यात चहा पिऊन परत येतंय आणि पुन्हा चालवतंय."

"आणि याला तुम्ही तीन दिलेत?"

"बोलता येतंय, शुद्ध आहे, म्हणजे तीन. दहा द्यायचे तर माणूस जागेवर राहता कामा नये. दहा दिले की पुढे द्यायला उरतं काय?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, कापडी पिशवी उघडली आणि फुगा बाहेर काढला. तो काल भरला होता तसाच होता, गरगरीत. त्यांनी नळीवरून बोटं फिरवत नेली. नळीवर एक छोटा प्लास्टिकचा चिमटा असतो, औषध थोडा वेळ थांबवायचं असलं तर दाबायला. तो बंद होता. काल ऑपरेशननंतर बाईंना एक्स-रेच्या टेबलावर घेताना कुणीतरी दाबला होता आणि उघडायचा राहिला होता. कालपासून फुग्यातल्या औषधाचा एक थेंब सांध्यापर्यंत पोचला नव्हता.

मग डॉक्टरांनी चिमटा उघडला. "चूक आमची आहे, बाई," त्या म्हणाल्या. "फुगा दर फेरीला हातात घेऊन बघायचा असतो. आकड्यावर विसंबून आम्ही तो पाहिलाच नाही."

"माझीही आहे," बाई म्हणाल्या. "प्रश्न नीट वाचला नाही आणि उत्तर लिहून मोकळी झाले."

डॉक्टरांनी नळीतून आणखी थोडं औषध हाताने दिलं आणि जागच्या हलल्या नाहीत. नाडी बघितली, रक्तदाब बघितला, भाचीशी गप्पा मारल्या. बाईंनी पुन्हा माझी मूठ धरली होती. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग करंगळी सैल झाली. मग तिच्या शेजारचं बोट. अर्ध्या तासात सगळा हात ढिला पडला आणि बाई माझी मूठ धरूनच झोपी गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी जाग आल्यावर बाई म्हणाल्या, "आता उठते."

"थांबा," फिजिओ म्हणाली. "दुखत नाही म्हणून लगेच उठायचं नसतं. औषधाने पाय ढिला पडला असेल तर उभं राहताच गुडघा वाकेल आणि पडाल. आधी गुडघा ताठ करून दाखवा. टाच उचला."

बाईंनी गुडघा ताठ केला, टाच उचलली. एखादी शहाणी विद्यार्थिनी करील तसं दोनदा करून दाखवलं. मग आम्ही दोघं दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी फुगा रिकामा झाला, नळी काढली. आता दुखणं साध्या गोळ्यांना जुमानत होतं. तेव्हापासून वॉर्डात कागदावर आकड्याशेजारी एक ओळ वाढली आहे. काय करायला जमत नाही, असं विचारून तिथे लिहायचं. आणि फुगा हातात घेऊन बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथ्या दिवशी जिना आला. फिजिओने शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. मी खालीच. वॉकरला जिना चढता येत नाही, मित्रांनो. माझे चार पाय एका पायरीवर मावत नाहीत. मी तिथे उभा राहून बाईंची पाठ बघत होतो आणि पहिल्यांदा मला त्या काठीचा हेवा वाटला.

सहाव्या दिवशी बाई घरी गेल्या आणि वॉर्डाने मला दीड महिन्यासाठी त्यांच्यासोबत पाठवलं. घर लहान होतं. भाचीने पाय अडकू नये म्हणून पायपुसणी उचलून ठेवली होती. दारातून आत, अरुंद बोळातून पुढे, आणि समोर जिना. बाई सरळ जिन्याशी गेल्या. चहा नाही, पाणी नाही. पहिल्या पायरीशी त्यांनी माझ्या मुठी सोडल्या, कठडा धरला, काठी घेतली. भाची मागे उभी राहिली.

मी काठीचे ठोके मोजत होतो. नवव्या पायरीवर वळण होतं, तिथे त्या थांबल्या. खूप वेळ. मला वाटलं, आता परत येतात. मग ठोका पडला. दहा. अकरा. सतरावा ठोका पडला आणि वरचं दार उघडलं.

मला वाटलं होतं रडणं ऐकू येईल. पण यंत्राची घरघर ऐकू आली आणि तिच्यामागून ताईंचा आवाज.

"केस किती पांढरे झाले गं तुझे."

"तुझे काय काळे आहेत?" बाई म्हणाल्या.

मग खाटेशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

बाई त्या दिवशी खाली आल्याच नाहीत. भाचीने त्यांची गादी वर नेली. वर चालायला काठी पुरत होती. मी पहिल्या पायरीशी उभा राहिलो, वर बघत. कुणी माझ्यावर छत्री अडकवली, कुणी ओढणी. वरून आवाज यायचे. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघींचं भांडण व्हायचं. कुणाची तरी नक्कल व्हायची आणि मग हसणं, आणि हसता हसता ताईंना लागलेला खोकला, आणि बाईंचं ओरडणं, बोलू नकोस म्हणून. मला एकदा, फक्त एकदा, वर जाऊन ताईंना बघायचं होतं. ज्यांच्यासाठी त्या हाताने इतकं सोसलं, त्या दिसतात तरी कशा? सतरा पायऱ्यांच्या खाली उभं राहून मी तीन आठवडे हेच मनाशी म्हणत होतो.

तीन आठवडे आणि दोन दिवस. मग एका सकाळी यंत्राची घरघर थांबली. लोक आले, हळू पावलांनी वर गेले, हळू पावलांनी खाली आले. ताईंना नेलं तेव्हा त्यांच्या तोंडावर पांढरी चादर होती. मी ताईंना कधीच पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर बाई जिना उतरल्या. कुणाच्या आधाराशिवाय, अगदी नीट. ऑपरेशनचा पाय आधी, चांगला पाय मागून. शेवटच्या पायरीवर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. भाची म्हणाली, "मावशी, पाय दुखतोय का?"

"पाय नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्यावरची छत्री काढली, ओढणी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या मुठी धरल्या. सगळा भार माझ्यावर टाकला. मला जेवढं ताठ उभं राहता आलं तेवढा मी राहिलो. त्या वेळी माझा एक पाय वाकला, तो अजून तसाच आहे. दुरुस्तीला नेलं तर ते सरळ करतील. पण मला तो तसाच हवा आहे.

दीड महिना पूर्ण झाल्यावर भाचीने मला वॉर्डात आणून पोचवलं. वाकलेला पाय बघून मला आरशामागे ठेवलं आणि नवा वॉकर कामाला लागला. तो चांगला आहे, फक्त जरा चकाकतो. बाई आता कुठेतरी काठीही न घेता चालत असतील. चालू देत. मी वाट बघत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या असं मी सांगणार होतो. आमच्या पायांचे रबर तपासा, बटणं एका ओळीत लावा, हे सगळं सांगणार होतो. पण ते तुम्ही कुठेही वाचाल. माझं मागणं वेगळं आहे. कुणाला दुखतंय का असं विचारलंत, तर उत्तर ऐकून लगेच पुढे जाऊ नका. थोडं थांबा आणि त्याच्या हातांकडे बघा. आणि तुमच्या घरात वरच्या मजल्यावर किंवा नुसत्या पलीकडच्या खोलीत कुणी तुमची वाट बघत असेल, तर तुमचे पाय धड आहेत. आजच जाऊन या.